नॉच वाढवला की डिझेल लोकोच्या पोटात काय होतं

डिझेल लोकोची चाकं डिझेल फिरवत नाही. शेडमध्ये अप्रेंटिस म्हणून लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात हे वाक्य ऐकलं आणि वाटलं चेष्टा चाललीय, कारण समोर सोळा सिलिंडरचं धूड धडधडत होतं, पायाखालची जमीन हलत होती, आणि आमचे मिस्त्री काका शांतपणे म्हणतायत की ह्याचा आणि चाकाचा काही संबंध नाही. "ह्याचं लग्न अल्टरनेटरशी, म्हणजे वीज बनवणाऱ्या मशीनशी झालंय, चाकाशी नाही." नंतर कळलं की सगळा लोको ह्या एका वाक्यात आहे, फक्त ते सोडवून बघावं लागतं. तेच इथे करतोय. इलेक्ट्रिकलचं शिक्षण लागणार नाही, सायकलचा डायनॅमो आठवत असला तरी पुरे.

एक गोष्ट आधीच ठरवून घेऊ. आपण बोलताना आख्ख्या गाडीच्या पुढच्या डब्याला इंजिन म्हणतो, पण इथे गोंधळ होईल, म्हणून आख्ख्याला लोको म्हणतो आणि आतल्या डिझेलवाल्याला इंजिन.

आता पहिला प्रश्न, एवढा खटाटोप कशाला? ट्रकसारखा क्लच आणि गिअरबॉक्स का नाही लावत? कारण असं की डिझेल इंजिन शून्य आरपीएमला ताकद देऊच शकत नाही, ते आधी फिरत असायला लागतं, आणि गाडी तर उभी आहे. फिरतं इंजिन आणि उभी चाकं ह्यांची गाठ घालायला मध्ये काहीतरी घसरणारं पाहिजे. ट्रकमध्ये तो क्लच. पण दोन-तीन हजार टनांची मालगाडी आणि तीन हजार हॉर्सपॉवर क्लचवर घसरवत सुरू करायची म्हटली तर क्लच प्लेटचा दोन मिनिटांत कोळसा होईल. छोट्या लोकोंमध्ये तेलावर चालणारं हायड्रॉलिक ट्रान्समिशन असतं, ते चालतं पण. मोठ्यांमध्ये मात्र वीजच मध्ये घालतात. इंजिन वीज बनवणार, वीज तारेतून खाली बोगीत, म्हणजे लोकोखालच्या चाकांच्या सांगाड्यात जाणार, तिथे अ‍ॅक्सलला टांगलेल्या मोटरा चाकं फिरवणार. इंजिन हजार आरपीएमला असो आणि चाक उभं असो, वायरला काय फरक पडतो.

उदाहरणाला आपला जुना अल्को घेऊ, म्हणजे त्या नावाच्या अमेरिकन कंपनीच्या डिझाइनचा लोको. डब्ल्यूडीएम-२, भारतात १९६२ ला आला, २६०० हॉर्सपॉवर, आधी अमेरिकेतून आणि मग वाराणसीच्या कारखान्यात बनायला लागला. त्याचीच पुढची भावंडं डब्ल्यूडीएम-३ए म्हणजे ३१०० आणि ३डी म्हणजे ३३०० हॉर्सपॉवर. पुणे आणि कल्याण शेडच्या पट्ट्यात वाढलेल्या कुणालाही हा आवाज झोपेत ओळखता येईल. नावातला डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे मिक्स्ड, जी म्हणजे गुड्स, पी म्हणजे पॅसेंजर. एवढं पाठ केलं की पुढची नावं आपोआप लागतात.

प्लॅटफॉर्मवर असा लोको उभा असेल तर आधी बाहेरून वाचायला शिका. कॅबच्या एका बाजूला आखूड नाक, दुसऱ्या बाजूला लांबलचक हुड. कॅबमधून लांब हुडकडे सरकत गेलात की आधी जनरेटर (डीसी वीज देणारा) नाहीतर अल्टरनेटरची (एसी देणारा) खोली, मग इंजिन, मग एक्सप्रेसर म्हणजे ब्रेकची हवा आणि व्हॅक्यूम बनवणारं मशीन, आणि टोकाला रेडिएटर. म्हणजे वीज बनते ती लोको पायलटच्या पाठीमागे, अगदी भिंतीला लागून. तिथून जाड केबल खाली दोन बोगींकडे उतरतात. प्रत्येक बोगीत तीन अ‍ॅक्सल, प्रत्येक अ‍ॅक्सलला एक मोटर, सगळ्या मिळून सहा.

आता इंजिन सुरू करूया. लोकोमध्ये आठ-आठ व्होल्टच्या आठ मोठ्या बॅटऱ्या असतात, मिळून ६४ व्होल्ट. इतकं मोठं इंजिन एवढ्याशा बॅटरीवर कसं फिरतं? तर जुन्या डब्ल्यूडीएम-२ मध्ये एक मस्त युक्ती आहे. त्यातला मेन जनरेटर डीसी आहे, आणि डीसी जनरेटरला बाहेरून वीज दिली की तो मोटर बनतो. म्हणून सुरू करताना बॅटरी थेट जनरेटरला जोडतात, जनरेटर मोटरसारखा फिरून इंजिनला ढकलतो, इंजिन पेटलं की जोडणी सुटते आणि मग तोच जनरेटर उलट वीज द्यायला लागतो. वेगळा स्टार्टर नाहीच. अल्टरनेटरवाल्या लोकोमध्ये हे जमत नाही, तिथे हे काम छोटी मशीनं करतात. चालू झालं की ऑक्झिलरी जनरेटर ७२ व्होल्ट देतो, त्यावर बॅटरी चार्ज होते आणि दिवे, रिले, कंट्रोल सगळं चालतं. हे ७२ व्होल्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

इंजिन आयडलवर आहे, म्हणजे नुसतं रिकामं फिरतंय, ४०० आरपीएम. गाडी का हलत नाही? इंजिन तर फिरतंय, अल्टरनेटर पण फिरतोय, मग वीज कुठेय?

इथे सायकलचा डायनॅमो आठवा. डायनॅमोत आत चुंबक असतं, म्हणून चाक फिरलं की वीज येते. लोकोच्या अल्टरनेटरमध्ये कायमचं चुंबक नसतं, तारेचं वेटोळं असतं, त्यात करंट सोडला तरच ते चुंबक बनतं. ह्याला फील्ड म्हणतात आणि करंट सोडण्याला एक्साइटेशन. फील्ड नाही तर वीज नाही, कितीही फिरवा. लोको पायलट कंट्रोल स्टँडवर इंजिन कंट्रोल स्विच रनवर टाकतो, जीएफ म्हणजे जनरेटर फील्डचा स्विच चालू करतो, रिव्हर्सरचं हँडल पुढे टाकतो, आणि थ्रॉटल म्हणजे पॉवरचा दांडा पहिल्या नॉचला, म्हणजे पहिल्या खाचेला आणतो. मग मोटरांचे मोठे कॉन्टॅक्टर म्हणजे विजेवर चालणारे स्विच खटाखट लागतात, फील्डला करंट मिळतो, अल्टरनेटर जागा होतो, गाडी हलते. रिव्हर्सरचं हँडल काढता येतं बरं का, ते काढून खिशात टाकलं की लोको कुणाला हलवता येत नाही, म्हणजे चावीच म्हणा. आणि रिव्हर्सर गिअर वगैरे काही बदलत नाही, मोटरच्या फील्डमधून करंट उलट्या दिशेने सोडतो, मोटर उलटी फिरते, संपलं.

आता खरी गंमत, आणि लोक इथेच चुकतात. नॉच म्हणजे गाडीचा ॲक्सिलरेटर असं सगळ्यांना वाटतं. तसं नाही. आठ नॉच म्हणजे आठ पॉवर. लोको पायलट स्पीड मागतच नाही, तो पॉवर मागतो. चौथा नॉच म्हणजे इंजिनने इतके आरपीएम धर आणि इतके हॉर्सपॉवर दे, मग गाडी चढावर १५ ला रांगो नाहीतर सपाटीला ८० ने पळो. स्पीड किती होणार ते गाडीचं वजन आणि चढ-उतार ठरवतात.

हे सांभाळणारं यंत्र म्हणजे गव्हर्नर. नॉच टाकला की विजेचे सिग्नल गव्हर्नरला सांगतात किती आरपीएम पाहिजे. गव्हर्नर तेवढे आरपीएम राहतील इतकं डिझेल सोडतो. पण नुसतं एवढ्यावर भागत नाही, कारण अल्टरनेटरने जास्त ओझं टाकलं तर इंजिन दबेल, धूर ओकेल, बंदही पडेल, आणि कमी टाकलं तर पॉवर फुकट. म्हणून गव्हर्नर दुसरं काम पण करतो, तो बघतो की ह्या नॉचला जेवढं डिझेल जायला पाहिजे तेवढंच जातंय का. जास्त जातंय? म्हणजे ओझं जास्त आहे, फील्डचा करंट थोडा कमी कर. कमी जातंय? फील्ड वाढव. डायनॅमोवर दिवा लागला की पॅडल जड होतं ना, तसंच हे, फक्त इथे पॅडल किती जड व्हावं हे कुणीतरी दर क्षणाला ठरवतंय.

आणि हे ठरवायला लागतं किती? थोडासा करंट. ७२ व्होल्टच्या सप्लायमधून छोटा करंट एक्सायटरच्या फील्डला जातो, एक्सायटर त्यातून मोठा करंट बनवून अल्टरनेटरच्या फील्डला देतो, आणि अल्टरनेटर त्यावर दोन हजारांहून जास्त किलोवॅट सोडतो. म्हणजे बोटाने फिरवता येईल अशा एका रेझिस्टन्सवर आख्खी मालगाडी लटकलीय. मला विचाराल तर डिझेल लोकोचं काळीज इंजिन नाही, मोटर पण नाही, हा फील्डचा करंट आहे. हे समजलं की बाकी सगळं त्याच्याभोवती आपोआप बसतं.

अल्कोचा तो काळा धूर पण इथलाच. लोको पायलटने भराभर नॉच वाढवले की डिझेल लगेच जातं पण इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोला वेग पकडायला वेळ लागतो, हवा कमी पडते, अर्धवट जळालेलं डिझेल काळं होऊन बाहेर. फोटोवाले टाळ्या वाजवतात, शेडवाले कपाळाला हात लावतात.

आता थोडा हिशोब, घाबरू नका. ३३०० हॉर्सपॉवर म्हणजे साधारण २४६० किलोवॅट. त्यातले एक्सप्रेसर, ब्लोअर, रेडिएटर फॅन, अल्टरनेटर आणि मोटरांमधली गळती असं सगळं वजा करून समजा चाकावर २००० किलोवॅट पोचले, सोयीसाठी धरतोय. पॉवर म्हणजे ओढ गुणिले वेग. ३६ किलोमीटरला, म्हणजे सेकंदाला १० मीटर, ओढ मिळेल २०० किलोन्यूटन, म्हणजे साधारण २० टन. ७२ ला गेलात तर अर्धी, १० टन. १०८ ला साधारण पावणेसात टन. इंजिन तिन्ही वेळा आठव्या नॉचला तेवढंच ओरडतंय, पण ओढ घटत जाते. म्हणून गाडी ९० पर्यंत झपाट्याने जाते आणि ९० ते ११० ला जीव खाते. लोको खराब नाही, हिशोबच तसा आहे.

हाच हिशोब विजेत कसा दिसतो? मोटरमधला करंट म्हणजे ओढ, व्होल्टेज म्हणजे वेग, ढोबळमानाने. गाडी सुटताना मोटर उभी असते, तिला थोड्याच व्होल्टेजला प्रचंड करंट जातो, त्यानेच गाडी हलते. वेग वाढला की मोटर स्वतः पण जनरेटरसारखं उलटं व्होल्टेज तयार करते, त्याला बॅक ईएमएफ म्हणतात, आणि ते आत येणाऱ्या करंटला ढकलून धरतं. मग करंट खाली, आणि तेवढीच पॉवर ढकलायची तर व्होल्टेज वर न्यायला लागतं. कॅबमध्ये लोड मीटर असतो, त्याचा काटा सुटताना उजवीकडे जातो आणि वेग वाढला की हळूहळू मागे येतो. काटा लाल पट्ट्यात फार वेळ ठेवायचा नसतो, मोटरची वाइंडिंग तापते. घाटात फार हळू चालून पूर्ण नॉच लावला की हेच होतं, करंट जास्त, आणि मोटर मंद फिरते म्हणून थंडावा तिच्या स्वतःच्या फिरण्याने मिळत नाही, ब्लोअरची हवाच आधार.

जुन्या लोकोमध्ये व्होल्टेज वाढवायची पण हद्द येते. मग काय करतात तर मोटरांची जोडणीच बदलतात. सुटताना दोन-दोन मोटरा सिरीजमध्ये आणि अशा तीन जोड्या पॅरलल, म्हणजे प्रत्येकीला निम्मं व्होल्टेज पण करंट भरपूर. वेग आला की सहाही पॅरलल, प्रत्येकीला पूर्ण व्होल्टेज. मधल्या टप्प्यांत मोटरचं फील्ड थोडं कमकुवत करतात, म्हणजे बॅक ईएमएफ कमी होते आणि मोटर आणखी पळायला तयार होते. ह्याला ट्रान्झिशन म्हणतात. डब्ल्यूडीएम-२ च्या मागच्या पहिल्या डब्यात बसलात तर हे कळतं, इंजिनचं ओझं क्षणभर सुटतं, आवाज हलका होतो आणि परत भरतो. मला लहानपणी वाटायचं ड्रायव्हर गिअर टाकतोय.

मोटर किती फिरते ते पण काढून बघा, मजा येते. डब्ल्यूडीएम-२ चं नवं चाक १०९२ मिलिमीटर व्यासाचं, एका फेऱ्यात साधारण ३.४३ मीटर. १०० च्या स्पीडला सेकंदाला आठ फेरे, मिनिटाला ४८६. मोटरच्या पिनियनला १८ दात आणि अ‍ॅक्सलच्या गिअरला ६५, म्हणजे मोटर ३.६ पट जोरात, साधारण १७५० आरपीएम. म्हणून मालगाडीच्या लोकोला दातांचं प्रमाण वेगळं ठेवतात, टॉप स्पीड कमी पण ओढ जास्त.

आता नवीन पिढी. १९९९ नंतर इएमडी ह्या अमेरिकन कंपनीचे लोको आले, डब्ल्यूडीजी-४ आणि मग डब्ल्यूडीपी-४ चं घराणं. डब्ल्यूडीजी-४ म्हणजे ४००० हॉर्सपॉवर, टू-स्ट्रोक इंजिन, फुल नॉचला ९०० च्या आसपास आरपीएम. कोकण रेल्वेवर २०२२ मध्ये पूर्ण वीज येईपर्यंत ह्यांनी भरपूर गाड्या ओढल्या. ह्यात मोठा बदल खाली बोगीत आहे. मोटर डीसी नाही, थ्री फेज इंडक्शन मोटर आहे, तुमच्या विहिरीवरच्या पंपासारखी, फक्त राक्षसी. फिरत्या भागाला करंट देणारे कार्बनचे ब्रश नाहीत, ते ज्यावर घासतात तो कम्युटेटर नाही, कार्बनची भुकटी नाही.

रस्ता असा होतो. अल्टरनेटर एसी देतो, रेक्टिफायर त्याचं डीसी करतो, हे 'डीसी लिंक' नावाच्या मधल्या जोडणीवर येतं, फुल पॉवरला २६०० व्होल्टपर्यंत, आणि तिथून इन्व्हर्टर परत थ्री फेज एसी बनवतो. तुम्ही म्हणाल एसीचं डीसी आणि डीसीचं परत एसी, हा कुठला शहाणपणा? पण अल्टरनेटरच्या एसीची फ्रिक्वेन्सी इंजिनच्या आरपीएमला बांधलेली असते आणि मोटरला पाहिजे चाकाच्या वेगाची फ्रिक्वेन्सी. सुटताना शून्याच्या जवळ, मग वाढत वाढत. मध्ये डीसी घातलं की दोघं मोकळे. पहिल्या डब्ल्यूडीजी-४ मध्ये एका बोगीला एकच इन्व्हर्टर, तीन मोटरा त्यावर पॅरलल. त्यामुळे एका बोगीतल्या चाकांचा व्यास जवळपास सारखा ठेवायला लागतो. फ्रिक्वेन्सी तिघींना एकच, मग जे चाक मोठं ते कमी फिरतं, त्याच्या मोटरची स्लिप (फ्रिक्वेन्सीच्या मानाने मागे पडणं) वाढते, आणि ओझं तिच्याच डोक्यावर येतं. व्हील टर्निंगवाल्यांशी (चाकं कातणाऱ्यांशी) इलेक्ट्रिकलवाल्यांची भांडणं बऱ्याचदा ह्याच मुद्द्यावरून.

घसरण पण इथे वेगळ्या पद्धतीने सांभाळतात. जुन्या लोकोमध्ये व्हील स्लिपचा रिले मोटरांचे करंट एकमेकांशी ताडून बघतो, एखादं चाक घसरलं तर त्याच्या मोटरचा करंट पडतो, रिले पॉवर कापतो, पकडीसाठी रुळावर वाळू पडते, परत सुरू. पावसात चढावर हे सारखं झालं की गाडी झटके खात चढते. नवीन लोकोत खाली एक रडार असतो जो रुळावरचा खरा वेग मोजतो, आणि कॉम्प्युटर चाकाला मुद्दाम थोडंसं घसरू देतो, कारण किंचित घसरणाऱ्या चाकाला पकड जास्त मिळते. सुरुवातीची ओढ ५४० किलोन्यूटन, १२६ टनांच्या लोकोतून, ती ह्याच्याच जोरावर.

उतारावर तर सगळी गोष्ट उलटी. डायनॅमिक ब्रेक लावला की मोटरा जनरेटर होतात, गाडी त्यांना फिरवते, वीज बनते आणि बनवायचं ओझं चाकांना रोखतं. ही वीज जाते कुठे? डिझेल लोकोवर वर वायर नाही, परत द्यायला कुणी नाही, म्हणून ती रेझिस्टन्सच्या ग्रिडमध्ये जाळून टाकतात, निव्वळ उष्णता. ग्रिड थंड करायला ब्लोअर असतो, आणि ह्यातली आयडिया मला सगळ्यात आवडते, तो ब्लोअर त्याच ग्रिडच्या एका तुकड्यावरून चालतो. जास्त ब्रेक, जास्त उष्णता, आपोआप जास्त हवा. वेगळा कंट्रोल नाहीच. डीसी लोकोमध्ये वेग फार कमी झाला की हा ब्रेक ढिला पडतो, तेव्हा हवेचा ब्रेक पाहिजेच, एसीवाले जवळपास थांबेपर्यंत धरतात.

बिघाडाचं एक सांगतो, कारण बिघाडातूनच खरं समजतं. शेडचं नाव नको. पावसाळ्यात एक अल्को आला, तक्रार एकच, चौथ्या-पाचव्या नॉचच्या पुढे गेला की ग्राउंड रिले पडतो. ग्राउंड रिले म्हणजे पॉवर सर्किट आणि लोकोची बॉडी ह्यांच्यात गळती झाली की फील्ड काढून घेणारा पहारेकरी. रिले पडला की अल्टरनेटर मेला, इंजिन आयडलला, गाडी उभी. मी उत्साहाने मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) घेऊन सगळ्या मोटरा तपासल्या, सगळ्या ठीक. दुसऱ्या दिवशी परत तेच. काका आले, म्हणाले थंड मोटर काय मोजतोस, ती कोरडी झालीय, आणि कमी नॉचला व्होल्टेज कमी म्हणून गळती पण दिसत नाही. कम्युटेटरचं झाकण उघडायला लावलं. आत ब्रशच्या आजूबाजूला कार्बनची काळी भुकटी, पावसाचं पाणी लागून तिचा लगदा झालेला, आणि सुकल्यावर त्याचा थर. व्होल्टेज चढलं, परत ओल आली, की त्याच थरावरून करंट बॉडीकडे. साफ केलं, कोरडी हवा मारली, वार्निश लावलं, गाडी गेली. रिले पडला की एखाद्या वेळेला रीसेट करणं ठीक, पण सारखा रीसेट करत नॉच वाढवत राहिलात तर फ्लॅशओव्हर होतो, कम्युटेटरवर निळी आग गोल फिरते, आणि मग भुकटीच्या जागी मोटर बदलायची पाळी येते. म्हणून नियम साधा, कुठली मोटर दोषी ते शोधा, तिला कटआउट करा, उरलेल्यांवर कमी ओझ्याने गाडी न्या.

आणि एसी लोकोचं कपाट उघडायची वेळ आली तर इंजिन बंद म्हणजे वीज बंद असं कधीच धरू नका. डीसी लिंकवर मोठे कपॅसिटर असतात, ते भरलेले राहतात, डिस्चार्ज झालेत ह्याची खात्री मीटर लावून करायची आणि मगच हात.

आता पुढच्या वेळेला डिझेलवाली गाडी दिसली तर सुटायच्या आधी लोकोजवळ जाऊन उभे राहा, पिवळ्या पट्टीच्या अलीकडे. आधी आयडलचा आवाज. मग कॉन्टॅक्टरची खटखट, आणि इंजिनचे आरपीएम फारसे बदलले नसतानाही आवाज जड झालेला, म्हणजे फील्ड आलं. मग नॉच एक-एक करून मोजा, दरवेळी आवाज एक पायरी वर. आठवा लागला की आवाज तिथेच थांबेल, पण डबे तुमच्यासमोरून जास्त जास्त जोरात जातच राहतील. इंजिन तेवढंच काम करतंय, आणि कॅबमध्ये लोड मीटरचा काटा हळूहळू मागे येत असणार.